तीन नंबरचं धुणं

शनिवारी रात्री अकरा शर्ट येतात माझ्याकडे,
बाह्या उलट्या, चिखल सुलट.
कोण किती घसरला, कुणी नुसतं उभं राहून पगार घेतला,
मला पेपर वाचावा लागत नाही.
तीन नंबरच्या पाठीवरही चिखल असतो.
आणि थुंकी.
ती चिखलासारखी वाळून पडत नाही, चकाकत राहते.

कॅहल मॅकग्लिंची. डावा बचाव.
जन्माचा ठार बहिरा, त्यात कॅथलिक,
आणि खेळतो आमच्या क्लबात,
बेलफास्टच्या रस्त्यावरच्या या गावात,
जिथलं गवतसुद्धा प्रॉटेस्टंट आहे
असं माझा सासरा म्हणायचा. विनोद म्हणून नव्हे.

शिट्टी त्याला ऐकू येत नाही.
सगळे थांबले तरी हा एकटाच
चेंडू घेऊन पळत सुटतो अर्धं मैदान,
मग समोरच्यांचे सैल पडलेले खांदे दिसतात त्याला,
आणि वळतो.
बाकांवर लोक हसून हसून लोळतात.
दोनदा पिवळं कार्ड, वेळ काढतो म्हणून.
मॅनेजर म्हणाला, छातीवर क्रूस करायचा तर बोगद्यात कर,
उजेडात नको.
हे सावकाश, ओठ ताणून सांगितलं,
लहान पोराला विषाची बाटली दाखवावी तसं.

एकदा त्याच्या मोज्यात मेरीची चकती सापडली,
नखाएवढी, निळसर.
मी ती एप्रनच्या खिशात टाकली
आणि आठवडाभर त्या खिशात हात घातला नाही.
परत दिली तेव्हा म्हणाला,
त्याच्या त्या ओल्या लाकडासारख्या आवाजात,
तुमचा नवरा तिसऱ्या रांगेत बसतो. खांबाशेजारी.
मी म्हटलं, हो.
त्याचे ओठ फार स्वच्छ आहेत, म्हणाला.
शब्द न् शब्द कळतो.

मी टबात हात घातले. पाणी कढत होतं. काढले नाहीत.
बिचाऱ्याला ऐकू येत नाही ही देवाचीच कृपा,
असं म्हणायचो आम्ही सगळे, चहा पिता पिता,
त्याच्याकडे तोंड करून.
तोंडसुख घ्यायला असा माणूस बरा असतो.

एप्रिलपासून वेस्ली ढोल बाहेर काढतो.
ट्रॅक्टरच्या चाकाएवढा, दोन्हीकडे बकरीचं कातडं,
बारा जुलैच्या मिरवणुकीसाठी.
धुण्याच्या खोलीमागच्या शेडमध्ये सराव करतो.
तो कुणाला ऐकवायला वाजतो
ते गावातल्या दोन्ही गल्ल्यांना ठाऊक आहे.
भिंत थरथरते, वडीवरची वडी घसरते साबणाची.

कॅहल बूट न्यायला आला होता. थबकला.
भिंतीवर तळवा ठेवला.
मग गाल.
मग डोळे मिटले,
जे तो माणसांत कधीच मिटत नाही.
किती वेळ गेला कोण जाणे.
हे येतं मला, म्हणाला. हे ऐकू येतं.

हे काय आहे ते सांगायला मी तोंड उघडलं,
पण मिटल्या डोळ्यांना काय सांगणार?
माहीत आहे, तो आपणहून म्हणाला.
तरी पण.

रात्री मी वेस्लीला दोन्ही सांगितलं,
ओठांचंही, भिंतीचंही.
त्यानं बटाटे संपवले. ताटली पुसून घेतली पावानं.
शेडमध्ये जाऊन ढोलाच्या दोऱ्या चाचपत बसला,
आवळल्या मात्र नाहीत.

पुढच्या शनिवारी कॅहलचा पाय चुकला, चेंडू गेला.
वेस्ली उठला, मानेच्या शिरा ताणून ओरडला
नेहमीचंच, सगळं, आईपासून पोपपर्यंत.
फक्त तोंडावर हात धरून.

मैदानातून कॅहलनं वर पाहिलं,
खांबाशेजारी, त्या हाताकडे,
जरा जास्तच वेळ.
त्यात त्यानं काय वाचलं, मी विचारलं नाही.
एकतीस वर्षांच्या संसारात मलाही तो हात
नीट वाचता आलेला नाही.

घरी येऊन वेस्लीचा शर्ट भिजवला.
मनगटाशी रक्त होतं, ढोलाची कड लागून आलेलं.
ते गार पाण्यातच काढायचं असतं.
कढत पाण्यात डाग कायमचा बसतो.